घरातील ओल, बुरशी आणि निरोगी हवा

मृगाचा पाऊस स्थिरावून तीन-चार आठवडे झाले, की कोकणात व सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर घरोघरी एकच तक्रार ऐकू येते. भिंतीच्या पायथ्याशी काळपट डाग उमटतात, ट्रंकेतील कपड्यांना कुबट वास येतो, चामड्याच्या वहाणांवर पांढरी लव चढते आणि कणगीच्या तळाशी हात घातला तर धान्य सर्द लागते. गृहिणी डाग पुसून काढते. आठ दिवसांत ते पुन्हा दिसू लागतात. घरधनी दिवाळीला भिंतीस रंग देतो. पुढच्या आषाढात रंगाचे पोपडे सुटून त्याखालून तेच डाग वर येतात. अशा रीतीने वर्षानुवर्षे श्रम व पैसा खर्ची पडतो आणि बुरशी मात्र घर सोडीत नाही.

याचे कारण उघड आहे. बुरशी पुसली जाते. परंतु जिच्या आधारावर ती जगते, ती ओल जागच्या जागी राहते. बुरशी हे ओलीचे लक्षण होय. ओलीचा उगम शोधून तो बंद केला आणि घरात हवा खेळती ठेवली, तर बुरशीचा बंदोबस्त आपोआप होतो. हे काम खर्चाचे कमी व निरीक्षणाचे अधिक आहे. म्हणूनच ते ग्रामकार्यकर्त्याच्या मार्गदर्शनाने प्रत्येक शेतकरी कुटुंबास करता येण्यासारखे आहे.

बुरशी म्हणजे काय?

बुरशीस हिरव्या वनस्पतीप्रमाणे सूर्यप्रकाशात स्वतःचे अन्न तयार करता येत नाही. लाकूड, कागद, सुती कापड, चामडे, धान्य, भिंतीवर साचलेली धूळ अशा पदार्थांतून ती आपले अन्न शोषून घेते. तिचा प्रसार बीजाणूंच्या द्वारे होतो. हे बीजाणू इतके सूक्ष्म असतात, की काही जातींचे तीनशे बीजाणू एका मिलिमीटरच्या अंतरात ओळीने मावतील. ते हवेत सर्वत्र व सर्वकाळ तरंगत असतात. त्यांना घराबाहेर रोखून धरणे कोणासही शक्य नाही.

सर्वच बुरशी मनुष्याची शत्रू आहे, असेही नव्हे. शेतातील पालापाचोळा कुजवून त्याचे खत करण्यात तिचा मोठा वाटा असतो. १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिनचा शोध लागला तो एका बुरशीमुळेच, आणि त्याच औषधाच्या उत्पादनासाठी १९५४ साली पुण्याजवळ पिंपरी येथे सरकारी कारखाना स्थापन झाला. तथापि शेतात उपकारक असणारी ही सृष्टी निजण्याच्या खोलीत किंवा धान्याच्या कोठीत वाढू लागली, म्हणजे ती अपायकारक ठरते.

बुरशीच्या वाढीस चार गोष्टी लागतात : बीजाणू, अन्न, ऊब आणि ओल. पहिल्या तीन प्रत्येक घरात असतातच. चौथी गोष्ट तेवढी मनुष्याच्या हातातील आहे. ओल नसेल तर बीजाणू धुळीसारखे पडून राहतात. ओल मिळताच त्यांना अंकुर फुटतात. भिजलेली वस्तू एक-दोन दिवसांत पूर्ण वाळविली, तर बहुधा बुरशी धरत नाही. त्यापुढे होणारा प्रत्येक दिवसाचा विलंब बुरशीच्या पथ्यावर पडतो.

आरोग्यास होणारे अपाय

बुरशी वाढलेल्या खोलीत बीजाणू व बुरशीचे सूक्ष्म कण श्वासावाटे शरीरात जातात. शिंका येणे, नाक वाहणे, डोळे चुरचुरणे, कोरडा खोकला येणे ही त्याची सामान्य लक्षणे होत. दम्याच्या रोग्यास अशा खोलीत वारंवार धाप लागते. ओलसर व बुरशीयुक्त घरात राहणाऱ्यांना श्वसनाचे विकार होण्याचा आणि दमा बळावण्याचा धोका अधिक असतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक पुस्तिकेत दिला आहे. लहान मुले, वृद्ध, दमेकरी, मधुमेही आणि दीर्घ आजाराने अशक्त झालेली माणसे यांना विशेष जपावे लागते.

शेतकऱ्यास आणखी एक धोका संभवतो. ओला राहिलेला पेंढा किंवा गवत रचून ठेवले, म्हणजे ते आतून तापते आणि त्यात बुरशी व इतर सूक्ष्म जीव वाढतात. पुढे तो पेंढा ओढताना उडणारी धूळ छातीत जाऊन चार ते आठ तासांनी थंडी, ताप, खोकला व धाप अशी लक्षणे दिसतात. साध्या तापाचा समज होऊन त्याकडे दुर्लक्ष होते आणि पुनःपुन्हा तसे घडल्यास फुप्फुसे कायमची निकामी होऊ शकतात. १९३२ साली इंग्लंडमध्ये या विकाराचे वर्णन प्रथम प्रसिद्ध झाले आणि ‘शेतकऱ्याचे फुप्फुस’ या अर्थाच्या नावानेच तो वैद्यकात ओळखला जातो. यास्तव पेंढा पुरता वाळवूनच रचावा आणि निजण्याच्या खोलीवरील माळ्यावर तो कधीही साठवू नये.

एखाद्याचा खोकला परगावी गेल्यावर कमी होतो व घरी परतल्यावर पुन्हा सुरू होतो, असे आढळले तर ही खूण महत्त्वाची समजावी. अशा वेळी रोग्यास डॉक्टरांकडे पाठवावे आणि त्याबरोबर त्याच्या निजण्याच्या जागेचीही पाहणी करावी.

ओल कोठून येते?

घरात ओल चार मार्गांनी येते : वरून, बाजूने, खालून आणि आतून. कोणता मार्ग आहे हे ठरविल्याशिवाय उपाय करणे म्हणजे भोक न शोधता मडके लिंपण्यासारखे आहे.

वरून येणारी ओल म्हणजे छपराची गळती. फुटलेले कौल, सरकलेला कोना, स्लॅबवर साचून राहणारे पाणी व पन्हळीत अडकलेला पाला ही तिची कारणे. हिचा डाग बहुधा आढ्यापासून खाली उतरत येतो.

बाजूने येणारी ओल म्हणजे पावसाची झड. पश्चिमेकडून वाऱ्यासह येणारा पाऊस भिंतीवर आदळतो आणि भेगांतून आत झिरपतो. पूर्वी झडीच्या बाजूस झापांचे आडोसे बांधण्याची चाल होती, ती याचसाठी. जुन्या जांभ्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला असेल आणि त्यास भेगा गेल्या असतील, तर भेगेतून शिरलेले पाणी गिलाव्यामागे कोंडून राहते व भिंत महिनोन्महिने ओली राहते.

खालून येणारी ओल जमिनीतील पाण्यामुळे येते. दिव्याची वात जशी तेल वर ओढते, तशी दगड-विटांची भिंत जमिनीतील पाणी वर ओढून घेते. भिंतीच्या पायथ्यापासून गुडघा-कमरेइतक्या उंचीपर्यंत पसरलेला सलग डाग व त्यावर फुटलेली पांढरी खार ही तिची ओळख होय. जोते बुटके असणे, पागोळ्यांचे पाणी भिंतीशी साचणे, न्हाणीचे सांडपाणी भिंतीलगत मुरणे, भिंतीस टेकून उकिरडा अथवा मातीचा ढीग असणे यांमुळे ही ओल वाढते.

आतून येणारी ओल बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. भात शिजताना, अंघोळीचे पाणी तापताना, ओले कपडे घरात वाळताना आणि माणसांच्या श्वासातूनही पाण्याची वाफ हवेत जाते. थंड पाण्याने भरलेल्या तांब्यास बाहेरून जसे पाणी सुटते, तसेच ही वाफ थंड भिंतीस लागून तिचे पाणी होते. कपाटामागील कोपरा, खाटेखालची भिंत अशा हवा न खेळणाऱ्या जागी हे डाग प्रथम दिसतात.

यांपैकी शेवटच्या दोन प्रकारांत घोटाळा होतो. तो टाळण्यासाठी एक सोपी चाचणी करावी. वीतभर लांब-रुंद प्लॅस्टिकचा पारदर्शक तुकडा भिंतीवर किंवा जमिनीवर चारी कडांनी चिकटपट्टीने घट्ट चिकटवावा आणि दोन दिवसांनी पाहावा. तुकड्याच्या आतील बाजूस पाण्याचे थेंब दिसले तर ओल भिंतीतून अथवा जमिनीतून येत आहे. बाहेरील बाजूस थेंब दिसले तर ती खोलीतील वाफेची आहे. दोन्ही बाजूंस दिसल्यास दोन्ही उपाय करणे प्राप्त आहे.

बदललेले घर

जुन्या कौलारू घरात चुलीच्या धुराने डोळे व फुप्फुसे यांचे अतोनात नुकसान होत असे. परंतु त्या घराचा एक गुण होता. कौलांच्या फटींतून व झरोक्यांतून हवा सतत बाहेर जात असे, आणि चुलीच्या उबेमुळे वरील माळा कोरडा राहत असे. बियाण्याची कणसे चुलीवर टांगून ठेवण्याची रीत याच अनुभवातून आली होती. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनंतर अनेक ग्रामीण घरांत गॅसची शेगडी आली, आणि धुरापासून मिळालेली ही मुक्तता सर्वथा इष्ट आहे. मात्र गॅस जळतानाही पाण्याची वाफ तयार होते, ही गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. एक किलो गॅस जळला असता सुमारे दीड किलो पाणी वाफेच्या रूपाने हवेत जाते. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. म्हणजे एक सिलिंडर संपेपर्यंत वीस लिटरहून अधिक पाणी स्वयंपाकघराच्या हवेत मिसळते, आणि अन्न शिजताना निघणारी वाफ याहून निराळी.

त्यातच कौलांच्या जागी स्लॅब आला आणि झरोके बुजले. पूर्वी हवा आपोआप बाहेर जात असे. आता तिला मुद्दाम वाट करून द्यावी लागते. स्वयंपाकघराच्या भिंतीत छताजवळ एक जाळीदार झरोका व समोरच्या बाजूस एक खिडकी असावी. वीज असल्यास झरोक्यात हवा बाहेर फेकणारा पंखा बसवावा. शिजणाऱ्या भांड्यावर झाकण ठेवावे. त्याने वाफही कमी होते व गॅसही वाचतो. जेथे अद्याप लाकडाची चूल पेटते, तेथे धुराडे अत्यावश्यक समजावे.

ओल रोखण्याचे उपाय

१. पागोळ्यांचे पाणी जेथे पडते तेथे दगडी अथवा सिमेंटची पन्हळ करून पाणी घरापासून दूर न्यावे. भोवतालच्या जमिनीस उतार घराकडून बाहेर असावा. अनेक घरांत एवढ्या एका कामानेच भिंतीची ओल निम्म्यावर येते.

२. भिंतीस टेकलेले उकिरडे, लाकूडफाटा व मातीचे ढीग हलवावेत. न्हाणीचे पाणी नळीने दूर परसबागेत अथवा शोषखड्ड्यात सोडावे.

३. नवे घर बांधताना जोते भोवतालच्या जमिनीपेक्षा निदान दीड-दोन फूट उंच घ्यावे व भिंत उभारण्यापूर्वी जोत्यावर ओलरोधक थर द्यावा. हा थर नंतर बसविणे फार खर्चाचे पडते.

४. ओल्या भिंतीवर तैलरंग लावू नये. आतील पाणी कोंडून पोपडे सुटतात. भिंत उन्हाळ्यात पूर्ण वाळू द्यावी व तिला चुन्याची सफेदी द्यावी. चुन्याच्या थरातून वाफ बाहेर पडू शकते आणि ताज्या चुन्यावर बुरशी सहसा वाढत नाही.

५. कपाटे, ट्रंका व धान्याची पोती भिंतीपासून चार बोटे दूर आणि जमिनीपासून फळीवर उचलून ठेवावीत.

६. ओले कपडे निजण्याच्या खोलीत वाळत घालू नयेत. पडवीत किंवा वाहत्या वाऱ्यावर घालावेत. याचे महत्त्व पटविण्यासाठी ग्रामकार्यकर्त्याने एक प्रयोग करून दाखवावा. पिळलेले कपडे तागडीत तोलावेत व वाळल्यावर पुन्हा तोलावेत. जेवढे वजन घटले, तेवढे पाणी त्या खोलीच्या हवेत गेले.

घरातील हवेची सापेक्ष आर्द्रता शेकडा साठच्या आत असावी, असे सर्वसाधारण प्रमाण सांगितले जाते. कोकणात आषाढ-श्रावणात बाहेरची हवाच दमट असल्याने ते गाठणे अवघड जाते. तरीही उघडीप मिळताच समोरासमोरची दारे-खिडक्या उघडाव्यात. वाहत्या हवेत भिंत लवकर सुकते आणि कोंडलेली वाफ निघून जाते.

बंद खोलीचा धोका

वारा लागू नये म्हणून बाळंतिणीच्या खोलीच्या खिडक्या बंद करून आत कोळशाची शेगडी ठेवण्याची रीत अद्याप काही ठिकाणी दिसते. ही रीत प्राणघातक ठरू शकते. कोंडलेल्या खोलीत निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साईड हा वायू निघतो. त्यास रंग नाही व वासही नाही. निजलेल्या माणसास त्याची जाणीवही होत नाही. बाळंतीण व बालक यांस ऊब जरूर द्यावी. परंतु ती कोरड्या पांघरुणांची असावी. पेटती शेगडी खोलीत ठेवून कोणीही निजू नये. ओले कपडे वाळविण्यासाठीही बंद खोलीत शेगडी पेटवू नये. धुरी, उदबत्त्या व डासांची कॉइल यांचा धूरही फुप्फुसास अपायकारक असल्याने डासांसाठी मच्छरदाणीच उत्तम.

त्याचप्रमाणे कीटकनाशके निजण्याच्या घरात ठेवू नयेत. धान्यातील किडीसाठी वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या राहत्या घरात कदापि वापरू नयेत. त्यांतून निघणाऱ्या विषारी वायूने झोपेतच माणसे दगावतात.

धान्यावरील बुरशी

भिंतीवरील बुरशी दिसते. धान्यातील बुरशी पोत्याच्या पोटात लपून असते. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक मेले. त्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीवर वाढलेल्या बुरशीचे विष त्यास कारण असल्याचे पुढे सिद्ध झाले. या विषास अफ्लाटॉक्सिन म्हणतात. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा व गुजरातमधील पंचमहाल या जिल्ह्यांत कापणीच्या सुमारास मक्याची कणसे अवेळी पावसात भिजली. घरात दुसरे धान्य नसल्याने लोकांनी तो बुरसटलेला मका खाल्ला. यकृत बिघडून कावीळ पसरली आणि शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

हे विष शिजविल्याने अथवा भाजल्याने पुरते नष्ट होत नाही. बुरसटलेले दाणे गुरांस घातले तर विषाचा अंश दुधात उतरतो. कोंबड्यांसही ते बाधते. म्हणून असे धान्य उन्हात घालून, पाखडून पुन्हा वापरात आणणे ही काटकसर नव्हे. ते निवडून नष्ट करावे.

साठवणीपूर्वी भाताचा ओलावा शेकडा १४ हून अधिक असू नये; दीर्घ साठवणीसाठी व बियाण्यासाठी तो १२ ते १३ असावा. भुईमुगाच्या शेंगांचा ओलावा शेकडा ८ ते ९ पर्यंत उतरला पाहिजे. अशा शेंगा कानाशी हलविल्या असता आत दाणे खुळखुळतात. ओलावा मापण्याचे यंत्र नसल्यास मिठाची चाचणी करावी. कोरड्या काचेच्या बाटलीत पाव भाग धान्य व दोन-तीन चमचे कोरडे बारीक मीठ घालावे, झाकण लावून एक-दोन मिनिटे चांगले हलवावे व पंधरा मिनिटे ठेवावे. काचेच्या आतील बाजूस मीठ चिकटले तर धान्याचा ओलावा शेकडा १५ हून अधिक आहे असे समजावे व ते साठवू नये. मीठ चिकटले नाही, तरी दीर्घ साठवणीच्या धान्यास आणखी एक-दोन कडक उन्हे द्यावीत. धान्य ताडपत्रीवर वाळवावे, रात्री दवापासून झाकावे आणि थंड झाल्यावरच कोठीत भरावे.

आलेली बुरशी कशी काढावी?

कोरड्या झाडूने बुरशी झाडल्यास बीजाणू घरभर उडतात. यास्तव प्रथम मुले, वृद्ध व दमेकरी यांस बाहेर पाठवावे, खिडक्या उघडाव्यात आणि नाका-तोंडावर एन-९५ मुखपट्टी व हातांत रबरी मोजे घालावेत. साधा रुमाल यास पुरा पडत नाही. डाग साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने घासून पुसावा व जागा पूर्ण वाळू द्यावी. फडके फेकून द्यावे. ब्लीचिंग पावडर वापरल्यास ती ॲसिडमध्ये किंवा संडास साफ करण्याच्या द्रवात कदापि मिसळू नये; त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. बुरशीने आतपर्यंत व्यापलेल्या गाद्या, उशा व पुठ्ठे टाकून द्यावेत. गोधड्या व कपडे धुऊन कडक उन्हात वाळवावेत.

वर्षभराचे काम

वैशाखात घर शाकारून घ्यावे, भेगा बुजवाव्यात, चर व पन्हळी साफ कराव्यात आणि भिंतींना चुना द्यावा. रोहिणी नक्षत्र लागते त्या सुमारास, म्हणजे मेच्या अखेरीस, ही सर्व कामे उरकलेली असावीत. मृगाच्या पावसात ती होत नाहीत. आषाढ-श्रावणात दर आठवड्यास कपाटामागील कोपरे, माळा व कणगीचा तळ पाहावा. भाद्रपद-आश्विनात ऊन पडू लागताच अंथरुणे, कपडे व पुस्तके बाहेर काढावीत. त्यानंतर येणारे नवे धान्य मिठाची चाचणी केल्याखेरीज कोठीत भरू नये.

ग्रामकार्यकर्त्याने आरंभी गावातील एक घर निवडावे. दमेकरी मनुष्य किंवा वारंवार खोकणारे मूल ज्या घरात आहे, ते प्रथम घ्यावे. घरधनी व गृहिणी या दोघांसह घराभोवती एक फेरी घालावी. कारण पागोळ्यांची पन्हळ घरधनी करील, पण वाफ कोठे कोंडते हे गृहिणीसच ठाऊक असते. ओलीचा एक उगम निश्चित करावा, तो त्याच आठवड्यात बंद करवून घ्यावा आणि महिन्याने पुन्हा जाऊन पाहावे. भिंत सुकलेली दिसली, की शेजारी आपण होऊन विचारू लागतील. ज्या घरात पावसाळाभर भिंत कोरडी, धान्य कोरडे व हवा मोकळी राहिली, त्या घरातील मुलाला रात्री शांत झोप लागेल. या कामाची खरी कसोटी तीच होय.